चौथ्या रेघेपासून

जगदेवीला स्वतःचा वास कधी आलाच नाही, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. ताप आला तर माणसाला कळतो, पाय मोडला तर कळतो. पण हा पीनस म्हणजे महा नतद्रष्ट आजार! नाकात खपल्या धरतात, त्यांना घाण सुटते, शेजारी बसलेलं माणूस काहीतरी काम काढून उठून जातं, आणि जिच्या नाकात हे सगळं चाललंय तिला मेलीला पत्ताच नसतो. कारण वास घ्यायची शक्तीच तो आजार आधी खाऊन टाकतो. मग जगदेवी काय करणार? ती माणसांची तोंडं वाचायला शिकली. कुणी मान वळवली, कुणी पदर ओठांशी नेला, की ती समजायची, आज जास्त आहे.

तिला निलंग्याच्या पलीकडं, पार कर्नाटकच्या हद्दीजवळ दिली होती. नवरा सिद्धराम, सासू रत्नम्मा, घरची शेती. वर्षभर नीट गेलं. मग घरात स्वामी जेवायला आले, पंगत बसली, आणि जगदेवीच्या दोन्ही बाजूंच्या बायका पत्रावळी उचलून पलीकडच्या रांगेत जाऊन बसल्या. रत्नम्मानं ते पाहिलं. तिनं भांडण केलं नाही, शिवी दिली नाही. सरळ म्हणाली, "पोरी, तुझ्या वागण्यात खोट न्हाई. पर घरात चार माणसं येतात-जातात. माहेरी जा, दवा कर. सरकारी दवाखान्याचा कागद आण, वास न्हाई म्हून. त्याच पावली घरात घेते."

निघताना जगदेवीनं नवऱ्याला गोठ्यात गाठून विचारलं, "तुम्हाला येतो का वो वास?"

सिद्धराम बैलाच्या वशिंडावर हात फिरवत राहिला. "मला कुठं काय," म्हणाला.

आता सांगा, खरं कुणाचं मानायचं? माहेरी अव्वा, म्हणजे तिची आई नागम्मा, म्हणे काही वास नाही. शेजारीण म्हणे लई हाय. नवरा म्हणे मला कुठं काय. जिचं नाक तिलाच ठाऊक नाही. बिचारीचं डोकं गरगरायचं.

माहेरच्या गावात तिच्यासारखी आणखी एक होती, केवळाबाई. पन्नाशीची विधवा, तोंडाची फटकळ. तिला हा आजार वीस वर्षांचा, आणि तिनं त्याच्याशी जमवून घेतलं होतं. ते ब्याऐंशी साल. पावसानं तोंड काळं केलेलं, आड कोरडे पडलेले, दोन दिसांनी एक टँकर यायचा. टँकर आला की केवळाबाई घागर घेऊन सगळ्यांत पुढं. "माझा आजार कामाला येतो बघ," ती म्हणायची. "मी आले की वाट आपोआप होते." पण हीच केवळाबाई जगदेवीच्या मागं लागली, लातूरला जाऊ म्हणून. "माझं झालं गेलं. तुझा दादला हाय अजून."

लातूरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर अमृतराव नावाचे नाकाचे डॉक्टर होते. त्यांनी त्याच जेठात पीनसच्या पेशंटांचा अभ्यास काढला होता. चाळीस पेशंट, तीन महिने, कुणाला किती गुण येतो ते वहीत लिहायचं. औषध फुकट, बसचं भाडं मिळायचं. पण पद्धत अशी विचित्र, की जगदेवीला पहिल्याच दिवशी भोवळ यायची बाकी राहिली.

"डब्यातली एक चिठ्ठी उचला," डॉक्टर म्हणाले. "चिठ्ठीवर नंबर आहे, त्या नंबरची बाटली तुमची. निम्म्या बाटल्यांत नवं औषध आहे, निम्म्यांत नुसतं मिठाचं पाणी."

"माझ्या बाटलीत काय हाय?" जगदेवीनं विचारलं.

"मला माहीत नाही."

"मग कुणाला म्हाईत?"

"कुणालाच नाही. यादी पाकिटात बंद आहे. तीन महिन्यांनी फोडायची. आधी कळलं तर मन फसवतं, तुमचंही आणि माझंही."

जगदेवी केवळाबाईकडं बघायला लागली. डॉक्टर खोटं औषध देऊन राहिला, आणि वर तसं सांगूनही राहिला! असा डॉक्टर तिनं बापजन्मात पाहिला नव्हता.

मग मोजणी. दवाखान्याच्या ओसरीत फरशीवर खडूनं चार रेघा आखल्या होत्या, भिंतीपासून एकेका पावलावर एक. पेशंटनं भिंतीशी स्टुलावर बसून तोंड मिटून नाकानं श्वास सोडायचा. पंचशीला नावाची नर्स चौथ्या रेघेपासून एकेक पाऊल पुढं यायची आणि जिथं वास येईल तिथं थांबायची. तो आकडा वहीत. जगदेवीच्या वेळी पंचशीला चौथ्या रेघेवर उभी राहिली ती पाऊल उचलायलाच तयार नाही. केवळाबाईचंही तेच. पंचशीलाच्या तोंडावर काही नव्हतं हो, चांगली बाई ती, पण पाय बोलले. जगदेवीनं त्या रात्री भाकरी खाल्ली नाही. आजवर नुसता संशय होता, आज माप हातात आलं.

घरी येऊन दोघींनी बाटल्या शेजारी ठेवल्या. रंग एक, बूच एक. मग केवळाबाईनं केलं काय, तर दोन्हींतला एकेक थेंब जिभेवर ठेवला.

"माझं गोड हाय. तुझं खारट."

"डॉक्टर मिठाचं पाणी म्हणले व्हते की. मंग माझंच खोटं."

"डॉक्टरचं काय धरतीस? त्यालाच ठाव न्हाई म्हणतो. दवा म्हणजे कडू पायजे. ह्यातलं कडू कोणतंच न्हाई." केवळाबाईनं हनुवटीवर बोट ठेवलं. "एक खरं हाय एवढं नक्की. कोणतं का असंना. टँकरचं पाणी आपण कसं घेतो? तुझी अर्धी घागर, माझी अर्धी."

आणि तिनं दोन्ही बाटल्या एका तांब्यात ओतल्या, बोटानं ढवळल्या आणि परत निम्म्या-निम्म्या भरल्या. दुष्काळाच्या गावात वाटून घेणं पाप नव्हतं. उलट न वाटणाऱ्याकडं लोक वाईट नजरेनं बघायचे. जगदेवीच्या मनात आलं, डॉक्टरला विचारावं का? पण ज्याला स्वतःलाच ठाऊक नाही त्याला काय विचारायचं?

तर असे तीन महिने गेले. रोज सकाळी कोमट पाण्यानं नाक धुवायचं, मग थेंब सोडायचे. धुवायला तांब्याभर पाणी लागायचं, ते अव्वा स्वतःच्या अंघोळीतून काढायची आणि वर "मला कुठं घाम येतो" म्हणायची. पंधरा दिवसांनी लातूर, नव्या बाटल्या, आणि घरी आलं की पुन्हा तोच तांब्या. पंचशीला एकदा चौथ्या रेघेवरून तिसऱ्यावर आली, पुढल्या खेपेला पुन्हा चौथ्यावर गेली, मग तिसऱ्यावर, मग दोन आणि तीनच्या मध्ये अडखळली. केवळाबाईचंही अगदी तसंच, पावलाला पाऊल. डॉक्टर वही बघून कपाळ चोळायचे. इतर पेशंटांत कुणी झपाट्यानं सुधारत होतं, कुणी होतं तिथंच होतं. या एका गावच्या दोघीच जोडीनं रांगत होत्या. "पाण्यात काही आहे का तुमच्या गावच्या?" त्यांनी एकदा विचारलं. "पाणीच न्हाई साहेब," केवळाबाई म्हणाली.

शेवटची तपासणी भादव्यात आली. मधल्या काळात लातूरचा जिल्हा झाला होता. दवाखान्यात नवा शिक्का अजून पोचला नव्हता, म्हणून कारकून उस्मानाबादचा शिक्का मारून वर शाईनं लातूर लिहायचा. कागद मिळायचा तो आज, म्हणून अव्वानं सासरी निरोप धाडला होता. सिद्धराम आणि रत्नम्मा पहाटेच्या बसनं येऊन ओसरीत बसले होते; अव्वाही आज लेकीसोबत आली होती. जगदेवी रत्नम्माच्या पाया पडली, तेव्हा श्वास कोंडून धरूनच.

आणि नेमकी त्या दिवशी पंचशीलाला सर्दी! डोळे लाल, नाक चोंदलेलं, रुमालाचा बोळा हातात. "सर, मला आज कापराचा वाससुद्धा येत नाही," ती म्हणाली. डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. स्वतः त्यांना मोजता येत नव्हतं, वही लिहिणाऱ्यानं मोजायचं नाही असा त्यांचाच नियम.

"मी बघते की," रत्नम्मा उठली. "माझं नाक चांगलं हाय. कागद बी मलाच पायजे."

जगदेवी स्टुलावर बसली. तिनं श्वास सोडला. रत्नम्मा चौथ्या रेघेवरून निघाली. तिसरी. दुसरी. आणि थांबली. खाली बघितलं, परत जगदेवीकडं बघितलं, आणि तिचं तोंड उतरलं. सुनेवर राग नव्हता तिचा.

"येतो," ती हळू म्हणाली. "पयल्यासारखा न्हाई. पर येतो."

"अव्वा, तू सर," सिद्धराम आपल्या आईला म्हणाला आणि पुढं झाला. "मी बघतो."

तो चौथ्या रेघेवर उभा राहिला आणि जो निघाला तो थांबलाच नाही. तिसरी, दुसरी, पहिली, आणि त्याचा गुडघा स्टुलाला लागला. तो वाकला. त्याचं तोंड जगदेवीच्या तोंडापासून वीतभर.

"काही वास न्हाई, साहेब," तो मोठ्यानं म्हणाला. "लिवा कागद."

डॉक्टरांचं पेन हवेतच राहिलं. एक नाक म्हणतंय दुसरी रेघ, एक नाक म्हणतंय काहीच नाही. लिहायचं काय? जगदेवी मात्र नवऱ्याकडं बघत होती. काहीतरी होत होतं. सिद्धराम इतका जवळ होता, आणि त्याच्याकडनं तिला काहीतरी येत होतं. तंबाखू. एसटीत आलेला घाम. कपाळावरच्या भस्माचा कोरडा वास. कितीतरी वर्षांनी! तिनं घाईघाईनं आणखी एक श्वास घेतला. आणि त्या सगळ्याच्या खाली, अगदी आपल्याच आत, दुसरं काहीतरी कुजकं होतं. तिला एकदम कळलं ते काय आहे.

"कागद लिवू नका," ती म्हणाली. "आत्याबाई खरं बोलतात. वास हाय. मला बी येऊन राहिला."

सिद्धरामनं डोळे मिटून घेतले. केवळाबाई "अगं येडी का खुळी तू!" म्हणून ओरडली. पण डॉक्टर ताडकन उठले.

"तुला येतोय? तुझा तुला?"

"हाव." आणि आता खरं बोलायचंच म्हटल्यावर सगळंच बोलून टाकावं, म्हणून ती रडत रडत म्हणाली, "साहेब, आम्ही दोघींनी दवा एकात ओतून वाटून घेतली. माझी खारट व्हती, हिची गोड."

"गोड? तुम्ही चाखलं?"

"चाखल्याबिगर कसं कळंल?" केवळाबाई म्हणाली. "साऱ्यांनीच चाखलं असंल."

अमृतराव खाली बसले. बाटलीचा रंग त्यांनी एक केला होता, बूच एक केलं होतं, यादी पाकिटात बंद केली होती. नाकात घालायचं औषध कुणी जिभेवर घेईल हे त्यांच्या गावीही नव्हतं. मग त्यांनी वहीतली दोन नावं खोडली, इतकी जोरानं की कागद फाटला. पंचशीला रुमालाआड हसत होती की शिंकत होती, देव जाणे.

"चाळीसातले दोन गेले. बाकीच्यांना काय विचारू आता?" ते स्वतःशीच पुटपुटले. मग जगदेवीकडं वळले. "अर्ध्या औषधावर चौथ्या रेघेवरून दुसऱ्यावर आलीस. आणि ज्याला स्वतःचा वास यायला लागतो त्याचं नाक जागं होतंय, बाई. आता दोघींना पूर्ण बाटल्या देतो, गोड. पण ओतायचं नाही काही कशात. कागद मात्र आज देता येणार नाही."

जगदेवी उठून अव्वाच्या मागं जाऊन उभी राहिली. संपलं, तिला वाटलं. कागद गेला, आणि आपल्याच तोंडानं गेला.

रत्नम्मा फरशीवरच्या रेघांकडं बघत होती. "पुऱ्या दव्यावर किती दिस लागतील?" तिनं विचारलं.

"तीन महिने. रोज नाक धुवायला तांब्याभर पाणी पाहिजे."

"मंग हिच्या माहेरात कुठून आणणार पाणी?" रत्नम्मा एकदम नागम्मावरच तडकली. "टँकरच्या जिवावर गाव तुमचं. आमच्या आडाला हाय अजून चार हात. चल गं, पिशवी घे तुझी. जेवताना मी बसंन दुसऱ्या रेघेवर, तेवढं मला जमतं. कुणी पत्रावळ उचलली तर बघते मी."

नागम्मा रडायला लागली. केवळाबाईनं आपली बाटली कमरेला खोचली आणि म्हणाली, आता टँकरला मला रांगेत उभं राहावं लागंल बघा.

निलंग्याच्या बसमध्ये रत्नम्मा पुढच्या बाकावर बसली. जगदेवी खिडकीशी, पदर नाकावर दाबून, तोंड बाहेर. आजवर तिला लाज वाटायची ती लोकांची तोंडं बघून. आज पहिल्यांदा तिची तिलाच वाटत होती, आणि ही लाज जुन्या लाजेपेक्षा फार वाईट होती. सिद्धराम खांद्याला खांदा लावून शेजारी बसला होता.

"खोटं का बोलला?" तिनं बाहेर बघतच विचारलं.

"कवा?"

"आज. अन् त्या दिशी गोठ्यात बी."

सिद्धरामनं तिकिटांची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

"येतो की वास," तो म्हणाला. "लग्नाच्या पयल्या दिसापासून येतो."

"मंग?"

"मंग काय? जवळ बसायचं म्हणलं की येणारच."

जगदेवीनं नाकावरचा पदर काढला नाही. पण तोंड मात्र खिडकीकडून त्याच्याकडं वळवलं.