हिरव्या चौकटीतली नेफिये

मित्रांनो, मी बल्गेरियातल्या कर्जाली गावच्या क्रीडागृहाचा जुना फलक आहे. अजूनही स्वतःला फाटकावरचा म्हणवतो, पण हल्ली मी सायकली लावतात त्या भिंतीला टेकून उभा असतो.

माझा जन्म बस आगारामागच्या पत्र्याच्या दुकानात झाला. तिथे मला ठोकून सरळ केलं, चांगली जाड लाल चौकट बसवली आणि एका रंगाऱ्याने माझ्यावर ल्युबेन काढला. ल्युबेन म्हणजे आमच्या व्हॉलीबॉल संघातला उंच गडी. पिवळे केस, निळे डोळे, हातात डेअरीच्या ताकाचा पेला. संघात सगळ्या वस्त्यांतली पोरं होती, पुढे मुलींचाही संघ झाला. पण जाहिरातीत ताक पिणारा एकटा ल्युबेनच. तो खेळ सोडून सोफियाला गेला, तिथे जाडा झाला, तरी फाटकावर तोच. लोक म्हणायचे, "फलकाखाली भेटू." मला वाटायचं, गावाला दुसऱ्या फलकाची गरजच काय?

फाटकावर राखणीला दान्चोकाका बसत. त्यांची बायको त्सोन्का गेली, तेव्हा त्यांनी तिचा फोटो छापलेला कागद खांबावर चिकटवला. आमच्याकडे माणूस गेलं की असा कागद दारावर, झाडावर, बसथांब्यावर लागतो. ख्रिस्ती असेल तर काळी चौकट, मुसलमान असेल तर हिरवी. काका रोज सकाळी बाहीने तो कागद पुसत. मला पुसायचं मात्र राहून जाई. त्या कागदाचाही मला हेवा वाटायचा.

मग एका शुक्रवारी संध्याकाळी समोरच्या भिंतीवर नवा फलक चढला. मापाने माझ्याएवढाच, पण कोरा करकरीत. त्यावर नेफिये होती. मुलींच्या संघाची कप्तान, संघाची बस चालवणाऱ्या रेम्झीची मुलगी, मुसलमान घरातली. डेअरीवाल्यांनी ठरवलं होतं, की जाहिरातीत आता गावातले सगळ्या तऱ्हेचे चेहरे यायला हवेत. ठरवा की. पण सुरुवात माझ्या नाकासमोरच करायची?

फोटो काळा-पांढरा होता, चेहरा गंभीर. खाली लिहिलं होतं, 'आमची नेफिये, कायम आमच्यासोबत.' आणि भोवती डेअरीच्या नव्या पिशवीसारखी रुंद हिरवी चौकट.

सकाळी पहिली बाई थांबली आणि तिथेच रडू लागली.

"अहो, परवाच माझ्याकडून पाव घेऊन गेली," दुसरी म्हणाली.

"काय झालं होतं?"

"कुणास ठाऊक. चांगल्या माणसाला काही व्हावं लागतं का?"

दुपारपर्यंत भिंतीखाली फुलांचा ढीग झाला. मेलेल्या माणसाला वाहतात तशी, जोडीजोडीने ठेवलेली. ल्युबेनला एवढ्या वर्षांत कुणी एक पाकळी ठेवली नव्हती. मी आतून जळत होतो.

मुलींचा संघ वार्ना शहरी सामना खेळायला गेला होता. तिकडे फोन कुणी उचलेना. नेफियेची आजी खेड्यावरून आली आणि भिंतीखाली बसली, ती उठेचना. तेवढ्यात बस आली आणि खांद्यावर पिशवी टाकून नेफिये उतरली.

"आजी, कोण वारलं?"

आजीने वर पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा वर पाहिलं. "तू."

"हरून आलोय आम्ही, पण इतकंही वाईट नाही खेळलो."

आजीने आधी तिला एक चापट मारली, मग छातीशी घट्ट धरलं.

डेअरीचा माणूस, रादोस्लाव, धावत आला. "उतरवा हा फलक. गावभर हसं झालंय. उद्या आपल्या गावातला पहिला सामना, नवा छापणार कधी? यंदाही ल्युबेनच राहू दे."

"आणि मी?" नेफियेने विचारलं.

"पुढच्या वर्षी बघू, पोरी."

"पुढच्या वर्षी तुम्ही म्हणाल, लोकांना पटलं नाही. अहो, मी पटले म्हणून तर लोक रडले ना?"

मला कोण आनंद झाला होता. ती उतरणार, मी राहणार. तोच दान्चोकाका म्हणाले, "नुसती चौकट बदलली तर?" आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काका, तुम्ही आधीच दुःखात आहात, यात पडू नका," रादोस्लाव म्हणाला.

"दुःखात आहे म्हणूनच पडतो. जिवंत पोरीला असल्या चौकटीत ठेवू नये. आणि चौकटीपायी तिला भिंतीवरून खालीही काढू नये."

एकेक खिळा उपसून त्यांनी माझी लाल चौकट काढली आणि हिरवीवर ठोकली. 'कायम' वाली ओळ नेफियेने स्वतः रंगाने बुजवली आणि वर लिहिलं, 'उद्या सामना आहे, या.' लोक आले. क्रीडागृहात उभं राहायला जागा नव्हती.

चौकटीवाचून माझा पत्रा वाऱ्याने वाकला, म्हणून मला खाली उतरवलं. इथून मला रोज दिसतं. लहान मुली टाचा उंचावून नेफियेच्या हाताला हात लावू बघतात. डोक्याला रुमाल बांधलेल्या त्यांच्या आया फोटो काढतात. माझ्याखाली लोक भेटत, पण मला हात लावायला कुणी उंच झालं नाही. राग अजून गेलेला नाही.

तरी मित्रांनो, एवढं ऐका. कुणाचा चेहरा भिंतीवर लावाल, तर आधी त्याच्या घरच्यांना दाखवा. जुना फलक भंगारात देऊ नका. माझा गंज खरवडा, मला एक हात रंग द्या. पण पुन्हा ल्युबेन नको. यंदा रोमा लोकांच्या वस्तीतला आसेन्को संघात आलाय. त्याला काढा माझ्यावर. त्याची भावंडं पुष्कळ आहेत आणि फार आरडाओरडा करतात, असं ऐकतो. ती सगळी येऊन माझ्याखाली उड्या मारू देत. समोरच्या भिंतीलाही जरा जळू दे.