अप्पांनी ऐकलेली कादंबरी

आमच्या वाचनालयात महिन्यातून एका शनिवारी वाचकमंडळ बसतं. एक पुस्तक ठरवायचं, सगळ्यांनी ते वाचून यायचं आणि चहा पीत त्यावरून भांडायचं. मी तिथे पुस्तकांच्या देवघेवीचं काम करते, त्यामुळे खुर्च्या मांडणं आणि भांडणं आवरणं ही दोन्ही कामं माझ्याच गळ्यात पडतात.

त्या खेपेला ठरलेली कादंबरी एका डोंगराळ गावाची होती. साहेबाचं राज्य नुकतंच आलेलं. गावाच्या टेकडीवर पिढ्यान्‌पिढ्या न विझलेला एक अग्नी आणि तो राखणारं एक घर. मग गावात पाद्री येतो, शाळा उघडतो, औषधं देतो. अग्नी राखणाऱ्याचा लंगडा मुलगा त्याच्याकडे जायला लागतो आणि एक दिवस त्याचा धर्म घेतो. बाप त्याला टेकडी बंद करतो.

एवढं वाचल्यावर मी पुस्तक मिटून ठेवलं. हे घरी न्यावं की नाही, याचा मला पेच पडला होता. कारण आमच्या घरात हेच घडून गेलं होतं, फक्त टेकडी नव्हती.

माझे वडील तराजू दुरुस्त करायचे. सगळा बाजार त्यांना काटेवाले म्हणायचा, आम्ही अप्पा. खाली दुकान, वर आम्ही. दांडीच्या मधली धार झिजली की काटा खोटं बोलायला लागतो, असं ते म्हणायचे आणि ती धार बोट फिरवून ओळखायचे. माझा दादा त्यांच्या हाताखाली तयार होत होता. हात चांगला होता त्याचा, पण बोलताना अडखळायचा. गिऱ्हाईक दारात उभं, दादाच्या ओठांवर ‘क’ अडकलेला, की अप्पा आतून ओरडायचे, “कानस! कानस शोधतोय तो, द्या दोन मिनिटं.” त्यात दुष्टावा नव्हता. अप्पांना कामाची घाई असायची, आणि पोराची लोकांसमोर शोभा नको, असंही असेल. पण दादाचं एकही वाक्य त्या दुकानात दादानं पुरं केलेलं मला आठवत नाही.

बाजारामागच्या चर्चमध्ये तो आधी नुसता गाणी ऐकायला जायचा. मग गायला लागला. गाताना तो अडखळत नसे. पुढे त्यानं तो धर्मच घेतला आणि घरी येऊन सांगितलं. सांगायलाही त्याला बराच वेळ लागला. तेवढ्यात अप्पांनी त्याचं स्टूल उचलून दुकानाबाहेर ठेवलं. म्हणाले, “त्या दारातून आत गेलास ना? मग या दारातून येऊ नकोस.”

दादा गेला. शिकून पाद्री झाला आणि बसनं जाता येईल अशा एका छोट्या गावात राहू लागला. आई त्याला भेटायला जायची. घरी सांगायची, मावशीकडे जाते. मावशी आमच्याच गल्लीत राहायची, पण तिच्याकडे जायला बस कशाला लागते, हे अप्पांनी कधी विचारलं नाही. आई गेल्यावर ती फेरी माझ्याकडे आली, आणि अप्पांनी मलाही कधी विचारलं नाही.

तर ती कादंबरी मी पिशवीत घालून घरी आणलीच. अप्पांच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू पिकला होता, वाचता येत नव्हतं. जेवण झाल्यावर मी खिडकीशी वाचत बसले होते.

“एवढं काय त्यात डोकं घालून बसलीस?” ते म्हणाले. “जरा मोठ्यानं वाच की. मलाही कळू दे.”

“कंटाळाल.”

“तू वाच तर.”

मग रोज संध्याकाळी दुकान बंद झालं की मी वाचायची आणि अप्पा हातात एखादं पारडं घेऊन पुसत बसायचे. अग्नी राखणाऱ्यावर त्यांचा भारी जीव जडला. कुठलं लाकूड जास्त वेळ धुमसतं, यावर त्यांनी लेखकाच्या दोन चुका काढल्या. पाद्र्यानं पहिल्यांदा औषध दिलं तेव्हा म्हणाले, “बघ, आता गळ टाकला.” बापानं मुलाला टेकडी बंद केली, त्या पानावर माझा आवाज आपोआप खाली गेला. अप्पा पारडं पुसत राहिले.

“बरोबर केलं,” ते म्हणाले. जरा वेळानं पुन्हा म्हणाले, “दुसरं काय करणार तो?”

शेवटच्या प्रकरणात गाव पांगलेलं असतं. कुणी साहेबाच्या मळ्यांवर मजुरीला गेलेलं, कुणी पाद्र्याच्या वस्तीत. म्हातारा एकटा, तापानं फणफणलेला, टेकडीवर अग्नीजवळ पडून आहे. लाकडं संपली आहेत. मुलगा मोळी घेऊन चढून येतो आणि हद्दीच्या दगडापाशी थांबतो. बाप मान हलवून नको म्हणतो. मुलगा मोळी खाली ठेवतो, पण निघून जात नाही. दोघं समोरासमोर बसून अग्नी विझताना बघत राहतात.

मी पुस्तक मिटलं. अप्पांनी विचारलं, “लाकडं वाळलेली होती का?”

“होती. तसं लिहिलंय.”

“मग घ्यायची होती,” ते म्हणाले आणि उठून खाली दुकानात गेले.

शनिवारी ते माझ्याबरोबर मंडळाला आले. टोपी मांडीवर ठेवून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. चर्चा रंगली. कॉलेजातले एक सर म्हणाले की धर्म हा इथे फक्त मुखवटा आहे, खरा डाव जमिनीचा आहे. एक निवृत्त कंडक्टर म्हणाले, गाव तरी कुठे धुतल्या तांदळासारखं होतं? लंगड्याला टेकडीवर पुढे बसू देत होते का? मग एक म्हातारी नर्स बोलली. ती स्वतः त्याच धर्माची.

“पुस्तक चांगलं आहे,” ती म्हणाली, “पण मला एक लागलं. ज्यानं ज्यानं धर्म घेतला, त्याला यात ‘गेला’ म्हटलंय. हा गेला, तो गेला. माझ्या आजोबांनी धर्म घेतला. कुठे गेले ते? त्याच घरात राहिले, त्याच विहिरीचं पाणी प्यायले. मी इथेच आहे. तुमच्या सगळ्यांना इंजेक्शनं देत आले.”

लोक हसले. सरांनी मान डोलावली. आणि अप्पा एकदम बोलले, कुणी विचारलं नसताना.

“तो पोरगा टेकडी चढून आला. लंगडत. मोळी घेऊन. बापानं थोडं खाली उतरायला हवं होतं.”

अप्पा शरमले. टोपी घालून बाहेर जाऊन उभे राहिले. घरी येताना रस्त्यात म्हणाले, “रविवारची बस कुठून सुटते?”

मी दादाला कळवलं नाही. कळवलं आणि अप्पा ऐन वेळी फिरले तर, अशी भीती होती. आम्ही पोचलो तेव्हा प्रार्थना चालू होती. अप्पा आत आले नाहीत. बाहेर भिंतीला टेकून उभे राहिले. आतून गाण्याचा आवाज येत होता.

“हा कोण गातोय?”

“दादाच.”

त्यांनी मान जरा कलती केली, दांडीची धार तपासताना करायचे तशी, आणि गाणं संपेपर्यंत तशीच ठेवली.

लोक बाहेर पडू लागले. दादा दारात एकेकाचा हात हातात घेऊन निरोप देत होता. आम्हाला पाहिल्यावर त्याचा हात एका बाईंच्या हातात तसाच राहिला. त्याचे केस पिकले होते. अप्पांना ते दिसले की नाही, कोण जाणे. मग त्यानं आम्हाला चर्चच्या मागच्या आपल्या खोलीत नेलं. टेबल, तीन-चार खुर्च्या, स्टोव्हवर पातेलं. बसलो. अप्पांनी विचारलं, “छत गळतं का?” दादा म्हणाला, “नाही.”

मी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, तेव्हा पुस्तक दिसलं. दादा हसला. “हे मी-मीपण वाचलंय.”

“मग?” अप्पा म्हणाले. “अग्नी विझतो, ते वाचलंस?”

“मला तो अ-अग्नी एवढा लक्षात नाही राहिला.” दादा हळूहळू बोलत होता. “चालणं राहिलं. सगळं गाव टेकडी चढायचं आणि तो मागे पडायचा. कुणी वळून ब-बघायचं नाही. पाद्री त्याच्या चालीनं चालायचा. तो मुलगा पहिल्यांदा देवासाठी नाही गेला, अप्पा. कुणीतरी थ-थांबलं, म्हणून गेला. देव नंतर.”

अप्पा ऐकत होते. एकदाही मध्ये बोलले नाहीत. मला वाटलं, जमलं. मग दादा स्टोव्हकडे बघून, परत अप्पांकडे वळून म्हणाला, “अप्पा, तुम्ही ज... तुम्ही ज... ज...”

“जबाबदार,” अप्पा म्हणाले. “मीच जबाबदार, असंच ना? मग म्हणून टाक. त्यासाठीच आलोय मी.”

दादाचं तोंड तसंच उघडं राहिलं. मग त्यानं ते मिटलं. मी म्हणाले, “अप्पा, थांबा ना जरा.” पण ते उठले होते. चाचपडत दार गाठून बाहेर पडले. मी मागून धावले. बसथांब्याच्या बाकावर त्यांना बसवलं, तेव्हा लक्षात आलं की पिशवी आतच राहिली.

परत गेले तर टेबलावर तीन ताटं मांडलेली. दादा एका खुर्चीवरची पुस्तकं उचलून ती तिसऱ्या ताटाशी ओढत होता.

“जेवून जा, म्हणत होतो,” तो म्हणाला. एकदाही अडखळला नाही.

मी अप्पांना ते जाऊन सांगितलं. त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. “असं म्हणत होता?”

“हो.”

“मग नीट का नाही म्हणाला?”

“तुम्ही म्हणू दिलंत कुठे?”

ते उठले. काठी पुढे टाकून चर्चच्या बाजूला निघालेही. तेवढ्यात एक माणूस सायकल दामटत आला, दादाच्या दाराशी काही बोलला, आणि दादा तसाच त्याच्या मागे बसून गेला. कुणीतरी अत्यवस्थ होतं, हे मला नंतर कळलं. अप्पांनी विचारलं, “कोण गेलं?” मी सांगितलं.

“कामात आहे तो,” ते म्हणाले. “बरं असू दे. पुढच्या रविवारी येऊ.”

पुढच्या रविवारी त्यांचा गुडघा दुखत होता. त्याच्या पुढच्या रविवारी बाजारातले काटे तपासणीला आले होते. मग सर्दी झाली. मी दादाला फोन करून सांगायची, पुढच्या रविवारी नक्की. तो म्हणायचा, बरं. एकदा म्हणाला, “गेल्या खेपेला मी ति-तिघांचं केलं होतं. शेजारी वाटून टाकलं.” ते मी अप्पांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

थंडी सरता सरता अप्पा गेले. दुपारी दुकानातल्या खुर्चीत बसल्या बसल्या. मी चहा घेऊन खाली आले तर पारडं मांडीवर होतं.

दादा आला. दुकानाच्या दारात थांबला, आत येईना. काका माझ्या कानाशी लागले, “यानं हात लावायचा का?” मी म्हणाले, “लावायचा.” एवढ्या मोठ्यानं म्हणाले की गल्ली गप्प झाली. मग दादा आत आला आणि पुढून त्यानं खांदा दिला. वाटेत कुणी त्याला काही बोललं नाही. म्हातारी नर्स आली होती, ती त्याच्या शेजारून चालत होती.

संध्याकाळी माणसं पांगल्यावर आम्ही दोघं वरच्या खोलीत बसलो. त्याला सकाळी परत पोचायचं होतं, तिकडेही कुणी आजारी होतं. मी त्याला थांब्यापर्यंत सोडायला गेले. बस यायला वेळ होता.

“ते ख-खरंच येणार होते?” त्यानं विचारलं.

“माहीत नाही, दादा. एका रविवारी सकाळीच उठून बूट घालून बसले होते.”

“मग?”

“दुपारपर्यंत बसले. मग काढले.”

बस आली. तो चढला आणि खिडकीशी बसला. बस वळणाआड जाईपर्यंत मी तिथे उभी होते. मग घरी आले आणि खालचं दुकान बंद केलं.