नुसरतआगांचं हेज्ले

गल्लीत कुणी बिनलग्नाचा तरुण वारला की नुसरतआगांकडचं हेज्ले यायचं. पुरुषभर उंच, आरशांनी मढवलेलं, दिव्यांनी लखलखणारं. पोराच्या नशिबी न आलेली लग्नाची खोली अशी गल्लीच्या तोंडाशी उभी राहायची, मधोमध त्याचा फोटो. तीस वर्षं नुसरतआगा ते भाड्याने देत होते. युद्धाच्या काळात हुतात्मा झालेल्या पोरांसाठी सरकारी माणसंच ते मागायला यायची. तीच सरकारी माणसं परवा दम देऊन गेली. मोर्चात मेलेल्या कुणासाठी हेज्ले उभं राहिलं, तर दुकानाला सील.

आणि आज सकाळी तूबाखानम आल्या. पेझमान त्यांचा एकुलता एक, बावीस वर्षांचा. आयुष्यात पहिल्यांदा मत दिलं होतं त्याने. मतं मोजून व्हायच्या आत निकाल जाहीर झाला, तेव्हा माझं मत कुठं गेलं, एवढंच विचारायला तो रस्त्यावर उतरला आणि गोळी खाऊन पडला. पहाटे, चार माणसांत, गुपचूप पुरायच्या अटीवर प्रेत मिळालं.

"आगा, आज तिसरा दिवस. युद्धात गेलेल्या माझ्या भावाला तुम्हीच हेज्ले दिलं होतंत. माझ्या पोरालाही द्या."

नुसरतआगांना सील आठवलं. "खानम, बल्ब सगळे उडालेत हो. वायरी उंदरांनी खाल्ल्या. नाहीतर तुमच्यापुढे हेज्लेचं काय एवढं? दुकान तुमचंच आहे."

ही आपली बोलायची रीत. इथं टॅक्सीवालासुद्धा भाडं नको म्हणतो आणि घेतल्याशिवाय हलत नाही. असलं बोलणं कुणी मनावर घेत नाही. तूबाखानमनी घेतलं.

"माझंच आहे? मग किल्ली द्या."

नुसरतआगांचा हात खिशाकडे गेला नाही. तूबाखानमनी डोक्यावरची चादर सावरली आणि त्या गेल्या.

दुपारी ते घरी जेवायला आले तर कोनाड्यातला आरसा गायब. बायको अक्रम तो कापडात गुंडाळत होती. त्यांच्या लग्नातला आरसा, सोबतचे मेणबत्त्यांचे दोन शमादान.

"कुठं निघालीस?"

"तूबाकडे. तुमचे बल्ब उडालेत ना, मेणबत्त्या लावू."

"अगं, डोकं फिरलंय का? दुकान जाईल."

"जाऊ दे. पावट्याचा भात झाकून ठेवलाय, खाऊन घ्या."

भात तसाच झाकलेला राहिला. शरमेने माणसाचं पोट भरतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं. चार वाजता ते गल्लीच्या तोंडाशी गेले. टेबलावर पेझमानचा फोटो, आणि भोवती आरसेच आरसे. घराघरातल्या बायकांनी आपापल्या लग्नातला आरसा आणून उभा केला होता.

सरकारी गाडी आली. अधिकारी उतरला आणि सरळ नुसरतआगांपाशी आला. "नुसरत, सांगितलं होतं ना तुला? हे कुणी उभं केलं?"

सुटायला एक वाक्य पुरे होतं. माझं हेज्ले कुलपात आहे साहेब, येऊन बघा. खरं तेच होतं. पण समोर तूबाखानम उभ्या होत्या, आणि अक्रम नवऱ्याकडे न बघता मेणबत्तीची वात नीट करत होती.

"मीच केलं," नुसरतआगा म्हणाले.

"किल्ली आण."

"ती माझ्याकडे कशी असेल? दुकान या खानमचं आहे. सकाळीच देऊन टाकलं." आणि खिशातली किल्ली त्यांनी तूबाखानमच्या हातावर ठेवली.

अधिकाऱ्याने किल्लीकडे हात केला. अक्रम मध्ये आली, तिच्यामागे बाकीच्या बायका. त्याने बायकांची भिंत पाहिली, शिवी हासडली आणि नुसरतआगांना दंडाला धरून गाडीत कोंबलं. सील लावायला जास्त माणसं घेऊन येतो म्हणाला.

गाडी वळवायला वेळ लागला, रस्ता अरुंद. तेवढ्यात बायकांनी समोरचंच दुकान उघडून हेज्ले ओढत आणलं, पेझमानचा फोटो मधोमध लावला आणि शेजारच्या घरातून वायर जोडली. नुसरतआगा मागच्या काचेतून बघत होते.

एकूणएक बल्ब लागला.