चौकटीपाशी थांबलेले पोस्टमन

सुज्ञ वाचकहो, एका सेवानिवृत्त पोस्टमनची कथा येथे यथामती सादर करीत आहे. तीत पराक्रम नाही. एक दार आहे, आणि त्या दारातून आत जाणे एका मनुष्यास किती दुष्कर झाले, एवढाच तिचा विषय आहे.

"काका, पुन्हा उंबऱ्यावरच थांबलात!" मेंदूचे चित्र काढणाऱ्या यंत्राच्या बोगद्यात तंत्रज्ञ बाईंचा आवाज घुमला. "बोटाखालचं बटण दाबा की. दाबलं की पाऊल पुढं पडतं."

"आत या असं कुणी म्हटलं नाही," पोस्टमन ओठही फारसे न हलवता उत्तरले.

त्या समयी ते उताणे पडलेले होते. मस्तक गाद्यांमध्ये जखडलेले, डोळ्यांवर दुर्बिणीसारखा जाड चष्मा आणि सभोवार यंत्राचा ठकठकाट. परंतु चष्म्यात एक घर उभे होते. चित्राचेच, तरी भिंतीला हात लावून पाहावा असे. खोट्या जागी आपण खरोखर उभे आहोत असे मनुष्यास वाटते, तेव्हा त्याच्या मेंदूत काय घडते, याचे संशोधन तेथे चालू होते. दर मंगळवारी फेरी संपली की बाई विचारीत, "तिथं खरंच आहोत असं किती वाटलं? एक ते सात." पोस्टमन प्रामाणिकपणे "दोन" सांगत.

नियम एकच, परंतु कडक. डोके हलता कामा नये. हलले की मेंदूचे चित्र बिघडे, आणि तीनदा बिघडले की नाव कमी होई. पोस्टमनचे दोनदा बिघडले होते. एकदा शिंकेने, एकदा डुलकीने. तिसरी खेप येऊ नये म्हणून ते मंगळवारी सकाळपासूनच मान ताठ ठेवून घरात वावरत. त्यांची कोणी वाट पाहावी असे आठवड्यात ते एकच ठिकाण उरले होते. छत्तीस वर्षे त्यांनी लोकांच्या दारी पत्रे पोहोचवली. आता त्यांच्या दारी कोणी येत नसे.

"हे कपाळाला काय झालं?" चष्मा काढताना बाईंनी विचारले.

"चौकट. आमच्या घराची बुटकी आहे, आणि मी हा असा. ऑफिसात मला उंटच म्हणायचे."

"मग इतकी वर्षं रोज आपटत होतात?"

"छे हो! ही आतून ओरडायची ना. किल्ली फिरली की, 'अहो, डोकं!' बस्स. भांडण झालेलं असो, अबोला असो, तेवढं मात्र बोलायचीच." ते हसले. "दोन वर्षं झाली तिला जाऊन. आता रोज टेंगूळ."

बाई हसल्या नाहीत. हातातला चष्मा त्या उगाच पुसत राहिल्या.

पुढील मंगळवारी तेच घर, तोच उंबरा. पोस्टमन सवयीने थांबले. इतक्यात घराच्या आतून कोणी हाक मारली.

"अहो, डोकं!"

तो आवाज पत्नीचा नव्हता. तो तंत्रज्ञ बाईंचा आहे, हे पोस्टमनना तत्क्षणी कळले. परंतु कळण्याआधीच, गाद्यांच्या कचाट्यातून जेवढी वाकेल तेवढी त्यांची मान वाकली होती आणि बोटाने बटण दाबले होते. ते आत गेले. आत एक मेज होते, दोन खुर्च्या होत्या. ते तेथे कितीतरी वेळ उभे राहिले.

यंत्र थांबले. बाहेर हे संशोधन चालवणारे मोठे डॉक्टर बोलत होते, "हलले हे! अख्खी फेरी वाया. तिसऱ्यांदा ना? मग नाव काढा."

"सर, चूक माझी आहे. तो आवाज मी घातला."

"असेल. पण हलले ते."

बाई आत आल्या. त्या पट्टे सोडू लागल्या. "काका, माफ करा. तुम्हाला आत जावंसं वाटावं म्हणून मी केलं हो. तुम्ही खरंच ऐकाल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"ते विचारा ना," पोस्टमन म्हणाले.

"काय?"

"एक ते सात."

बाईंनी कागद पुढे ओढला. "किती?"

"सात."

बाद झालेल्या फेरीचा आकडा लिहिण्यास कागदावर जागा नसते. बाईंनी तो समासात लिहिला.

सायंकाळी पोस्टमन आपल्या घरी पोहोचले. किल्ली फिरवली. आतून हाक येण्यास पूर्वी जितका वेळ लागत असे, तितका वेळ ते दाराशी थांबले. मग आपली आपणच मान वाकवून, चौकटीखालून आत गेले.

वाचकहो, आपण दाराशी न थांबता आत येऊन माझे शब्द ऐकलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

आपला नम्र,
ते संशोधन चालते त्याच इमारतीचा लिफ्टमन