चांदणीचा पान्हा

दोर खुंट्याला बांधायच्या आतच चांदणी खिडकीजवळच्या आपल्या जुन्या जागेवर जाऊन उभी राहिली. बाकीच्या दोन गाई मात्र दारातच अडून बसल्या. त्यांना ढकलत आत घेताना गोठ्याच्या मालकिणीला घाम फुटला.

तिचा नवरा दाराशी खुर्ची टाकून बसला होता. साथीतून तो उठला होता, पण दम काही परत आला नव्हता. दोन वाक्यं बोलला की थांबायचा.

"पाहुण्या आल्यात," तो म्हणाला. "चहा विचारलास का?"

"गप्प बसा. गुरांचे डॉक्टर मोजणीला येतील एवढ्यात."

साथीत दुधाची गाडी बंद झाली तेव्हा तिनं बादल्याच्या बादल्या दूध उकिरड्यावर ओतलं होतं. नवरा दवाखान्यात, चारा संपलेला. शेवटी गाई मिळेल त्या भावात विकल्या. चांदणी शेजाऱ्यानं घेतली. आता सरकारची मदत आली होती, पण ती आज गोठ्यात उभ्या असलेल्या जनावरांमागे. ज्यांना विकावी लागली, त्यांच्या हाती धुपाटणं.

शेजाऱ्याच्या गाई कालच मोजून झाल्या होत्या. त्यातल्या तीन आजच्यापुरत्या तिच्या गोठ्यात बांधायच्या आणि मिळेल ते निम्मं-निम्मं, असं त्यानंच सुचवलं. खोटं तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. पण आपल्या वाट्यातून चांदणी परत घेता येईल, एवढ्या एका आशेवर ती हो म्हणाली होती.

गुरांचे डॉक्टर आले ते उन्हं कलल्यावर. गाईंकडे बघत त्यांनी कपाळ पुसलं.

"आज एक काळी गाय मला दोन गोठ्यांत भेटली," ते म्हणाले. "दोन्हीकडे घरचीच होती म्हणे."

नवरा खोकला.

"धारेची वेळ झालीच आहे. काढा बरं एकीची. कुठलीही चालेल."

परक्या हाताला गाय पान्हा चोरते, हे तिलाही ठाऊक होतं आणि डॉक्टरांनाही. तिनं हात धुतले आणि चांदणीपाशी बसली. इतक्या महिन्यांत ही आपल्याला विसरली असेल, तर बरंच झालं, असंही क्षणभर तिच्या मनात आलं.

चांदणीनं मान वळवून तिचा खांदा हुंगला. मग बादलीत धार वाजली.

"तुमचीच आहे," डॉक्टर म्हणाले आणि तिघींची नोंद करून निघून गेले. ती मात्र बादली भरेपर्यंत मान खाली घालून धार काढत राहिली. तिला स्वतःची लाज वाटत होती. एवढ्या भोळ्या जिवाला तिनं खोट्या साक्षीला उभं केलं होतं.

अंधार पडायच्या आत शेजारी गाई न्यायला आला. दोघी झटक्यात बाहेर पडल्या. चांदणी जागची हलेना.

"जुनं घर विसरली नाही, वहिनी," तो हसला.

"भाऊजी, माझा वाटा तुम्हीच ठेवा. हिला तेवढं राहू द्या इथं."

त्यानं दोर हातावर गुंडाळला, पुन्हा सोडला. तो काही वाईट माणूस नव्हता.

"तेवढ्यात कशी बसेल? मदत जाहीर झाली तसे गाईंचे भाव दुपटीवर गेलेत. मलाही नव्या घ्यायच्यात. तुमच्याशी खोटं कशाला बोलू?"

त्यानं दोर ओढला. चांदणीनं पुढचे पाय रोवले आणि तिच्याकडे पाहत हंबरली.

"राहू दे गं," नवरा दारातून म्हणाला. पण कुणाला आणि काय राहू दे, ते सांगण्याइतका दम त्याच्यात उरला नव्हता.

चांदणी वासरू असल्यापासून तिनं तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. तिनं कोपऱ्यातली काठी उचलली आणि तिच्या पाठीवर हाणली.

चांदणी एकदा थरथरली. मग कुणी ओढायची वाट न बघता शेजाऱ्याच्या पुढे चालू लागली.