कागदात उमललेलं

"मुळासकट लागेल, जोबकाका. नुसतं पान-फूल दाखवलं तर तिकडे संग्रहालयात कुणी मानणार नाही," झाडांचे नमुने गोळा करत बेटावर आलेले हॅलिडेसाहेब म्हणाले.

बाबा आईच्या थडग्यापाशी उभे होते. पूर्वी आमच्या बेटाचा सगळा किनारा कोपुकापुकाच्या निळ्या फुलांनी भरून जायचा. मग बाबांनी देवमाशांची शिकार सोडून मेंढ्या आणल्या आणि मेंढ्यांनी ती ताटाएवढी पानं बुडख्यापर्यंत फस्त केली. आमच्या बाजूला एकच झाड उरलं होतं, आईच्या उशाशी, देवमाशाच्या बरगड्यांच्या कुंपणात. मरण्याआधी तिनंच ते मागितलं होतं.

"कागदात दाबून वाळवलं म्हणजे शंभर वर्षं राहील," साहेब म्हणाले. "इथं एक मेंढी आत शिरली की संपलं."

"आणि मेंढ्या माझ्याच," बाबा म्हणाले. त्यांनी फावडं आणलं आणि आपल्या हातानं झाड उपटून दिलं. मला त्यांचा राग आला, कीवही आली.

साहेबांनी ते कागदांच्या थरांत घालून फळ्यांमध्ये आवळलं, वर आमची पिठाची गोणी ठेवली. रोज कागद बदलायचे, ओले झालेले चुलीपाशी वाळवायचे. धुकं पार दारापर्यंत यायचं, घरभर मातीचा वास असायचा आणि मला सारखं वाटायचं, कुणीतरी आजारी माणूस आत निजलंय. बाबा तर पाय न वाजवता चालायचे.

"एवढं काय जपून चालताय?"

"तुझी आई उठेल," ते म्हणाले आणि स्वतःच हसले.

आठवडा उलटला तरी पानं हिरवीच. एका सकाळी साहेबांनी वरचा कागद उचलला, तर काल मिटलेली कळी आतल्या आत उमलली होती. चपटी, पण निळीभोर.

"चिवट आहे. असंच जिवंत राहिलं तर कुजेल," साहेब म्हणाले. "उकळत्या पाण्यात बुडवून मारावं लागतं. किटली ठेवता का, काका?"

बाबांनी किटली ठेवली. पाणी खळखळलं तशी त्यांनी चहाची पूड काढली. साहेबांना चहा दिला, मला दिला, स्वतः घेतला. साहेबांचा पेला रिकामा झाला की पुन्हा भरला. किटली उपडी होईपर्यंत ते ओतत राहिले.

"तुम्हाला शब्द दिलाय मी, मोडणार नाही," ते म्हणाले. "पण पाणी संपलं बघा."

दाराशी पावसाच्या पाण्याचं पिंप काठोकाठ भरलेलं होतं. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"फूल तेवढं मी नेतो," ते हळूच म्हणाले. "बाकीचं चला, लावून येऊ. मुळं अजून ओली आहेत."

"जगेल?"

"सांगता येत नाही."

बाबांना उठवेना. रिकामा पेला दोन्ही हातांत धरून ते बसून राहिले. मग साहेबांबरोबर मीच गेले.