कारणाचा रकाना

"कारणाचा रकाना मोकळा ठेवू नका हं काका," शीला मॅडम म्हणाल्या, आणि माझं पेन जागच्या जागी थांबलं.

कल्याणला खाडीकाठच्या डम्पिंगवर सतरा वर्षं मी नोंदणी कारकून. आलेली गाडी लिहायची, लागलेली आग लिहायची. मॅडम कॉलेजातून आलेल्या. चार दिवस कचऱ्यात पाइप खुपसून गॅस मोजत होत्या. कचरा किती टन, किती वर्षांचा, किती खोल, यावरून गॅसचा अंदाज काढायचा होता. जोडीला जुन्या आगींचा तक्ता हवा होता.

"अंदाज म्हणजे नक्की नाही ना, मॅडम?"

"नाहीच. आणि आम्ही तसं लिहितो."

"आणि आग? काडी न लावता लागते?"

"लागते की. आत कुजून कचरा तापतो, त्यात हा गॅस. इथे तर लागणारच."

माझ्यासमोर एकोणनव्वदची वही उघडी होती. आमच्याकडे पद्धतच होती. कारणाचा रकाना मोकळा दिसला की साहेब वही परत पाठवायचे. म्हणून धूर दिसला की 'विडी' लिहून मोकळं व्हायचं. कोण मेलं वाचतंय! एकदाच वाचलं. त्या मे महिन्यात आग तीन दिवस विझेना. वरून चौकशी आली. विडी कोणाची? पाळीवर होता जगन, आमच्याच वस्तीतला चौकीदार.

अहो, जन्मात विडीला शिवला नव्हता तो! तंबाखूच्या वासानंही ठसका लागायचा त्याला. मला ठाऊक होतं. तरी साहेबांनी "अक्षर तुमचंच ना?" विचारलं, तेव्हा मी "होय" म्हणालो आणि पुढे तोंड शिवलं. माझीही नोकरी होती. त्याची गेली. मग वागळे इस्टेटीत हमाली, आणि तिसऱ्या वर्षी माणूसच गेला. शेवटपर्यंत म्हणायचा, "देवराम, आग आपोआप लागलेली रे." मी मान हलवायचो, वेड्यापुढे हलवतात तशी. लाज वाटते सांगायला.

मी तक्त्यात लिहिलं, 'कारण: बहुधा आतला गॅस.'

मॅडमनी वहीत डोकावलं. "इथे तर विडी आहे."

"ते खोटं आहे. मीच लिहिलेलं."

त्यांनी तक्ता माझ्याकडे परत सरकवला. "मग तेही लिहा. खाली सही करा."

लिहिलं. खाली कार्बन घातला होता.

रविवारी ती नक्कल घेऊन वागळे इस्टेटला जगनच्या बायकोकडे, मालनवहिनीकडे गेलो. ती तांदूळ निवडत होती. जयभीम झाला. मी कागद काढून वाचला. तिची बोटं सुपातच थांबली.

"परत वाचा."

परत वाचला.

"विडी लिहिलेलं ते तुमीच?"

"मीच, वहिनी."

"आन् माहीत होतं?"

"होतं."

मला वाटलं, सूप फेकून मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि सताड दार उघडलं. बाहेर नळावर बायांची रांग होती.

"हितंसुदीक कळलेलं सगळ्यांना. हितंबी विडीवालाच म्हनायचे त्यांना," ती म्हणाली. "आता हितं उभं राहून वाचा. मोठ्यानं. आन् खालचं नाव गाळू नका."

मी उंबऱ्यात उभा राहिलो. नळावरच्या बाया वळून बघायला लागल्या, आणि मी पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.